चुन्यात नीळ किती घालायची?

गोरखा, नेपाळ
शनिवार

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

आज इथे सुट्टी. नेपाळात शनिवारी शाळा बंद असते, रविवारी भरते. २०१५चा भूकंपही शनिवारीच झाला, दुपारी बाराच्या सुमारास. शाळा चालू असती तर, एवढंच म्हणून माणसं गप्प होतात. केंद्र याच जिल्ह्यात, बारपाकला. या छात्रावासाची, म्हणजे वसतिगृहाची, जुनी दगडमातीची इमारत तेव्हा बसली. नवी घाईघाईत उभी केली आणि आता तिला ओल धरली आहे. वरच्या गावांतली साठेक मुलं इथे राहून शिकतात. काहींचं घर म्हणजे आधी बस आणि मग दीड दिवस चाल.

आई, सिंगापूरहून निघताना तू विचारलंस, "भिंती रंगवायला एवढी विमानाची तिकिटं?" मी फोनवर तुझ्यावर चिडले. चुकलंच माझं.

पहिल्या दिवशी मी शाळेतून आणलेल्या चोवीस पोरांनी हौसेनं रंग लावला. भिंतीला कमी, एकमेकांना जास्त. पोपडे अर्धेमुर्धे खरवडले, भिंत वाळू दिली नाही आणि वर डिस्टेंपर फासला. तिसऱ्या दिवशी रंगाला पापडासारखे फोड. एक नखानं टोचला तर आतून पाणी आलं. बाबा, तुम्ही असतात तर कुंचला हातातून काढून घेतला असतात. मी मात्र फोटो काढत होते.

चौथ्या दिवशी पहाटे पाचला खालून ठकठक ऐकू आली. इथे गवंड्याला डकर्मी म्हणतात, आणि दाजू म्हणजे दादा. आमचे डकर्मीदाजू बॅटरी तोंडात धरून, पोरांनी रचलेला न्हाणीचा कट्टा उतरवत होते. वीट काढायची, जुना माल झाडायचा, ओळंबा सोडून पुन्हा लावायची. रोज पहाटे हेच चाललं होतं म्हणे. मला बघून तेच ओशाळले. "लहान आहेत, शिकतील," असं काहीतरी पुटपुटले.

चहाच्या वेळी मी मुलांना सगळं सांगितलं. एकानं विचारलं, "मग आपण आलो कशाला?" मला उत्तर सुचलं नाही. दहावीतल्या एका मुलीनं वहीत हिशेब मांडला, एका तिकिटात डकर्मीची किती दिवसांची मजुरी बसते. ते पान परत गेल्यावर मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवणार आहे. होईल ते होईल.

तेव्हापासून डकर्मीदाजू मुकादम. आमची पोरं वाळू चाळतात, पाणी वाहतात. ओल कुठून येते तेही त्यांनीच दाखवलं. मागची दरड भिंतीला टेकली आहे, पाणी तिथून झिरपतं. म्हणून चार दिवस सगळे चर खणतो आहोत. याचे फोटो कुणी काढत नाही. छात्रावासातली आठवीची एक मुलगी भिंतीवर बोटाचं पेर वाजवत फिरते आणि पोकळ आवाज आला की आमच्या पोराला तिथेच पुन्हा खरवडायला लावते. तिचा दरारा माझ्यापेक्षा जास्त.

बाबा, साताऱ्याच्या बोर्डिंगात दिवाळीआधी चुना तुम्ही पोरंच द्यायचात ना? घायपात ठेचून केलेला कुंचला, चुन्यानं फाटलेली बोटं, रात्री खोबरेल. कर्मवीर अण्णांच्या बोर्डिंगाच्या भिंती रंगवायला कुणी विमानातून उतरलं नव्हतं. हे मुलांना सांगितलं तर त्यांना वाटलं, मी शिक्षा सुनावते आहे.

जेवण रोज दोन्ही वेळा डाळभात आणि गुंद्रुक नावाची आंबवून वाळवलेली पालेभाजी. आई, तुला आवडेल. बाबा नाक मुरडतील.

आता कामाचं. मागच्या दोन खोल्यांना डकर्मीदाजू डिस्टेंपरऐवजी चुनाच द्या म्हणतात, भिंत श्वास घेते. बादलीभर चुन्यात डिंक किती आणि नीळ किती, ते बाबांनी आठवून ठेवावं. मी उद्या रात्री आठला फोन करते, म्हणजे तुमच्या पावणेआठला. इथलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे आहे.

तुमची,
धाकटी