कंसातल्या ओळी

प्रिय आई-बाबा,

सप्रेम सलाम.

फोनवर हा विषय निघाला की बाबा गप्प होतात आणि आई जेवलीस का विचारते, म्हणून शेवटी लिहायलाच बसले. राजीनामा देऊन झालाय. पवित्र शास्त्राच्या जुन्या हस्तलिखितांच्या अभ्यासाला प्रवेशही घेतलाय. दादाच्या वेळचं सगळं तुमच्या मनात येणार, हे मला ठाऊक आहे. पण हे तसं नाही. पैशांची सोय लावूनच पाऊल उचललंय. तुमच्या औषधांचे पैसे पूर्वीसारखेच येत राहतील, त्यांना मी हात लावलेला नाही. खोली चांगली उजेडाची आहे, दोन्ही वेळचं जेवण गरम मिळतं आणि हो आई, पांघरूण जाड आहे.

बाबा, तुम्हाला खुपतंय ते वेगळंच, हे आईनं सांगितलं. बायबलच्या नव्या आवृत्तीत योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायातली, व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट कंसात टाकलेली तुम्ही पाहिलीत आणि पोरगीही आता हेच शिकणार, म्हणून तुमचा जीव खाली-वर झाला. योहानाच्या सगळ्यात जुन्या प्रतींत ती गोष्ट नाही, हे खरं आहे. काही प्रतींत तर ती लूकच्या शुभवर्तमानात सापडते. पण असं बघा ना, तिची जागा पक्की नसतानाही ख्रिस्ती मंडळीनं तिला सोडलं नाही. ज्यांनी कंस घातला त्यांनीही ती पुसली नाही. जेवढं ठाऊक आहे तेवढं त्यांनी सरळ सांगितलं. मला त्यात देवाचं भयच दिसतं.

३२५ साली निकेयाच्या धर्मपरिषदेत बिशपांनी मतं घेऊन बायबलची पुस्तकं निवडली, असं लोक बिनदिक्कत सांगतात. तसं काही झालं नाही, तिथला मोठा वाद ख्रिस्ताच्या देवत्वावरून होता. नव्या करारातल्या २७ पुस्तकांची, आज आपल्याकडे आहे नेमकी तीच यादी पहिल्यांदा दिसते ती ३६७ साली, आलेक्झांड्रियाच्या अथनासियस बिशपांनी मंडळ्यांना लिहिलेल्या ईस्टरच्या पत्रात. त्याआधी याकोबाचं पत्र, यहूदाचं पत्र आणि पेत्राचं दुसरं पत्र यांवर शंका घेणारे होते. पूर्वेकडे प्रकटीकरणाच्या पुस्तकावर, पश्चिमेकडे इब्री लोकांस पत्रावर कुरबुर होती. तोवर मंडळ्या काय करत होत्या? उपासनेत उभं राहून वाचत होत्या, ऐकत होत्या, नकला करून एकमेकींना पाठवत होत्या. जे पिढ्यान्‌पिढ्या वाचलं गेलं आणि ज्यात त्यांना आपल्या प्रभूचा आवाज ओळखू आला, ते टिकलं. बाबा, तुम्ही इतकी वर्षं रविवारी उभं राहून वाचत आलात, ते काम इतकं जुनं आहे.

आणि त्या कामाची किंमत लोकांनी मोजलीय. ३०३ साली रोमन सम्राट डायोक्लेशियननं शास्त्राच्या प्रती जाळायचा हुकूम काढला. उत्तर आफ्रिकेतल्या किर्ता गावच्या झडतीची नोंद आजही शिल्लक आहे. पुस्तकं वाचकांच्या, म्हणजे उपासनेत शास्त्र वाचणाऱ्यांच्या घरी असायची, म्हणून अधिकारी घरोघर फिरले. एका घरी वाचकाच्या बायकोनं सहा पुस्तकं काढून दिली. त्याआधी, वाचक कोण ते सांगा म्हटल्यावर मंडळीतले दोघे अडून बसले: आम्ही दगा देणार नाही, मारायचं तर आम्हाला मारा. हे वाचलं तेव्हा मला तुम्हीच डोळ्यांसमोर आलात.

लहानपणी तुमच्या मांडीवर बसून तुमच्या बोटामागून ओळ वाचायचे, आठवतं? रोमकरांस पत्राच्या शेवटी तर्तिय मध्येच सलाम सांगतो, तेव्हा हा कोण म्हणून मी तुमचं डोकं खाल्लं होतं. पौल सांगत होता आणि हा लिहून घेत होता. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर त्रोवसात राहिलेला झगा आण, पुस्तकं आण, चर्मपत्रं विसरू नकोस, अशी विनवणी आहे. एखाद्याचा राहिलेला झगासुद्धा वचनात मावतो, म्हणून तर मला ते वचन इतकं जवळचं वाटतं. माणसांचे हात दिसले की माझा विश्वास उडत नाही, बाबा. उलट मी जास्त मनापासून प्रार्थना करते.

आई, तुझ्यासाठी एक. १९४७ साली मृत समुद्राजवळच्या गुहेत यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची अख्खी गुंडाळी सापडली, सात मीटरहून लांब. तोवर हाती असलेल्या इब्री प्रतींपेक्षा ती सुमारे हजार वर्षांनी जुनी. शब्दांचे बारीकसारीक फरक आहेत, पण तुझा पाठ असलेला ५३वा अध्याय तिच्यात आहे. तो म्हणत जा, माझी काळजी करत जागू नकोस.

आता नीट ऐका. बाबा, मोतीबिंदूची तारीख आणखी पुढे ढकलायची नाही. डोळ्यांत थेंब वेळेवर घालायचे आणि आईनं आठवण केली तर तिच्यावर वैतागायचं नाही. मोठ्या टाइपाचं बायबल पाठवतेय, ते कपाटात जपून ठेवू नका, वापरा. आई, रक्तदाबाची गोळी उपासाच्या दिवशीही घ्यायची, पाळकसाहेबही हेच सांगतील. ऑपरेशनच्या वेळी मी येणारच आहे, तशी रजा आधीच मागून ठेवलीय. डोळा बरा होईपर्यंत वाचन दुसऱ्या कुणाला द्या आणि डॉक्टर हो म्हणाले की पहिल्या रविवारी योहानाचा आठवा अध्याय तुम्हीच वाचा, कंसासकट.

तुमची लाडकी
बेबी