ग्रोअर खाद्यातील घटक न कळवता बदलल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, पशुखाद्य कंपनी,
पुणे

विषय: वाढीच्या डुकरांच्या खाद्यात (ग्रोअर) मका कमी करून डीडीजीएस (धान्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा वाळवलेला चोथा) वाढवल्याबाबत

महोदय,

स.न.वि.वि.

दौंड तालुक्यात माझा वराहपालनाचा व्यवसाय आहे. लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीची डुकरे मी पाळते आणि घर त्यावरच चालते. पूर्वी पुण्याच्या हॉटेलांतले उरलेले अन्न आणून, उकळून घालत असे. 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीवर आला आणि मी ते कायमचे बंद केले. खरकट्यातून हा विषाणू गोठ्यात शिरतो आणि एकदा शिरला की औषध नाही. गोणीबंद खाद्य महाग पडते, तरी आपले ग्रोअर खाद्य धरले ते एकाच कारणासाठी: गोणीत काय आहे याची खात्री. ती खात्रीच आता उरलेली नाही.

अलीकडे आलेल्या मालाची पहिली गोणी उसवली तेव्हाच शंका आली. नेहमीचा पिवळसर भरडा नव्हता. रंग गडद तपकिरी, हातात घेतला तर भुकटी जास्त, आणि वास करपलेल्या धान्यासारखा. डुकरांनी गव्हाणीत तोंड घातले, सोंडेने खाद्य इकडेतिकडे ढकलले आणि निम्मे तसेच टाकून पाण्याकडे गेली. एरवी खाद्याची बादली वाजली की एकमेकांच्या अंगावर चढणारी ही जनावरे. पुढे एकाच कप्प्यातली, एकाच वयाची डुकरे लहान-मोठी दिसू लागली. पैदाशीसाठी राखलेल्या, अजून माजावर यायच्या वयाच्याही नसलेल्या माद्यांच्या निरणावर सूज आली. आमच्या पशुवैद्यकांना खाद्यातल्या झिअरालेनोन या बुरशीविषाचा संशय आहे.

आपल्या विक्री प्रतिनिधींना फोन केला. उत्तर मिळाले, "मक्याचे दर चढलेत, म्हणून डीडीजीएस थोडा वाढवलाय. प्रोटीन तेवढेच आहे, काळजी करू नका." माझी खरी तक्रार या उत्तराबद्दल आहे.

मका महागला हे मला ठाऊक आहे. इथेनॉलसाठी मका डिस्टिलऱ्यांकडे वळला आणि तिथून उरणारा डीडीजीएस बाजारात स्वस्त झाला, हेही आम्ही रोज पाहतो. पर्यायी घटकांना माझा विरोध नाही. चांगल्या प्रतीचा डीडीजीएस, भाताचा कोंडा, मळी यांवर डुकरे उत्तम वाढतात, पण प्रमाण आणि तोल सांभाळला तरच. धान्यातला स्टार्च इथेनॉलमध्ये निघून जातो आणि साधारण तिसरा हिस्सा माल उरतो. त्यामुळे प्रथिने, तेल, तंतू जवळजवळ तिप्पट दाट होतात, आणि मक्यात बुरशीचे विष असेल तर तेही तितकेच दाट होते. बुरशीविष सोसण्यात डुक्कर फार नाजूक. म्हणूनच प्रत्येक लॉट तपासल्याशिवाय हा माल डुकराच्या खाद्यात जाता कामा नये.

दुसरे, प्रोटीनच्या आकड्याचे. प्रयोगशाळेत नत्र मोजून त्याला 6.25 ने गुणतात आणि तो आकडा लेबलवर येतो. त्यात लायसिन, म्हणजे मांस चढायला लागणारा प्रथिनांमधला घटक, किती, हे त्यावरून कळत नाही. 25 ते 50 किलोच्या डुकराच्या आहारात पचनीय लायसिन सुमारे 0.98 टक्के लागते. मक्याच्या प्रथिनात मुळातच लायसिन कमी, आणि डीडीजीएस वाळवताना तापमान जास्त झाले तर आहे तेही पचेनासे होते. गडद रंग आणि करपट वास ही त्याचीच खूण. सोया पेंड कमी करून हा माल घातला आणि वरून लायसिन मिसळले नाही, तर कागदावरची प्रथिने तेवढीच राहतात आणि जनावराच्या अंगावर मांस चढत नाही. आपल्याकडे पशुआहारतज्ज्ञ आहेत. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळते, म्हणूनच राग येतो.

विक्रीच्या वेळचा प्रश्न वेगळाच. मक्याच्या डीडीजीएसमधल्या तेलाने चरबी मऊ पडते. पुण्याच्या कॅम्पातले माझे गिऱ्हाईक घट्ट चरबीचा माल मागते. खाद्य बदलल्याचे आधी कळले असते, तर विक्रीला आलेली डुकरे तरी मी वेगळ्या खाद्यावर ठेवली असती. दर वाढवला असतात तरी चालले असते, मी हिशेब बसवला असता. न सांगता केलेल्या बदलाचा हिशेब कसा बसवायचा?

या बॅचमध्ये मका, सोया पेंड आणि डीडीजीएस किती टक्के होते, डीडीजीएस मक्याचा होता की तांदळाचा, हे लेखी द्यावे. झिअरालेनोन व अफ्लाटॉक्सिन ही बुरशीविषे आणि लायसिन यांचे तपासणी अहवाल द्यावेत. अहवाल नसतील तर तसेही लेखी कळवावे. न उघडलेल्या गोण्या परत घेऊन पूर्ण रक्कम परत करावी आणि घटलेल्या वजनाची भरपाई द्यावी. खरेदीची बिले, वजनांची वही आणि पशुवैद्यकांची चिठ्ठी यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. यापुढे मुख्य घटकांत बदल करण्याआधी प्रत्येक ग्राहकाला कळवावे, ही मागणी माझ्या एकटीची नाही. आमच्या भागातले इतर वराहपालकही हेच खाद्य घेतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना डीडीजीएस हा शब्दही माहीत नाही.

15 दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. या बॅचच्या काही गोण्या शिलाईसकट कोरड्या जागी ठेवल्या आहेत. आपला माणूस पाठवा. नमुना दोघांच्या समोर काढू, दोघांच्या सह्यांनी सील करू आणि मगच प्रयोगशाळेत देऊ.

कळावे,

आपली ग्राहक,
एक वराहपालक
ता. दौंड, जि. पुणे