पोर्टच्या बाटलीवरचा आकडा नीट वाचा

संपादक महोदय,
स. न.

पुण्या-मुंबईची शौकीन मंडळी हल्ली लंडन-दुबईतल्या मित्रांबरोबर व्हिडिओ कॉलवर जुन्या पोर्ट वाइनची चव घेतात. दोन्हीकडे एकच वाइन असूनही एकाला अक्रोड-मनुका जाणवतात, दुसऱ्याला नुसता अल्कोहोलचा चटका. दोष बहुधा वाइनचा नसतो.

पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली. आंबण्याची क्रिया अर्ध्यावर असताना ७७ टक्के अल्कोहोलचे द्राक्षाचे मद्य घालून ती थांबवतात, म्हणून गोडवा उरतो. (गोव्यात ‘पोर्ट’ म्हणून मिळणारी स्वस्त गोड वाइन ही नव्हे.) ती जुनी होते दोन रीतींनी, पिंपात मुरली तर टॉनी, बाटलीत मुरली तर व्हिंटेज, आणि घोळ तिथेच होतो.

टॉनी लाकडी पिंपात मुरते. लेबलवरचे १०, २०, ३०, ४० हे आकडे त्या मिश्रणाच्या चवीची पायरी सांगतात, पिंपातले नेमके वय नव्हे. बाटलीत भरल्यावर ती सुधारत नाही. वीस वर्षांची टॉनी दहा वर्षे शोकेसमध्ये ठेवल्याने तीस वर्षांची होत नाही, उलट उन्हाळ्यागणिक उतरते. तेव्हा बाटलीत कधी भरली ते वर्ष आधी पाहावे. कोल्येता ही एकाच हंगामाची टॉनी, किमान सात वर्षे पिंपातली. लेबलवर पीक-वर्ष पाहून लोक तिलाच व्हिंटेज समजतात.

खरी व्हिंटेज पीक-वर्षानंतर दोन-तीन वर्षांतच बाटलीत जाते आणि पुढची दशके तिथेच मुरते. १९६३, १९७७, १९९४, २०११ ही तिची नावाजलेली वर्षे. तिच्या तळाशी जाड साका बसतो. आदल्या दिवशी बाटली उभी करावी. फार जुनी असेल तर दोन दिवस आधी. बूच भिजून ठिसूळ झालेले असते, तुकडे पडले तर घाबरू नये, वाइन गाळायचीच आहे. साध्या पाण्यात धुतलेली मलमल घ्यावी. साबणाचा वास राहिला तर सगळे वाया. बाटलीच्या मानेखाली टॉर्च धरून एका संथ धारेत ओतावे, मध्ये बाटली सरळ केली की साका ढवळतो. धारेत गढूळ रेघ दिसताच थांबावे.

वीसेक वर्षांच्या व्हिंटेजला ओतल्यावर दोन-तीन तास हवा लागते, चाळिशीपलीकडची मात्र आयत्या वेळी ओतावी. हिवाळ्यात पुण्यात रात्रीचे नऊ म्हणजे लंडनला दुपारचे साडेतीन. तिकडच्यांनी दुपारच्या जेवणाआधीच बाटली उघडायला हवी. हे कोणी आधी ठरवत नाही.

तापमानाचे तर विचारूच नका. आपल्याकडे २८ अंशांच्या खोलीत अल्कोहोलच नाकात शिरतो. टॉनी १२ ते १६ अंशांवर, व्हिंटेज १६ ते १८ वर. फ्रिजमध्ये टॉनी दीड-दोन तास, व्हिंटेज तासभर ठेवावी. ग्लास दोन्हीकडे सारखा, निमुळत्या तोंडाचा, त्यात ६० मिली. टॉनी दहापासून चाळीसकडे चढत्या क्रमाने, नाहीतर दहाची पाणचट वाटते. सोबत गोव्याचा गोड बेबिंका असेल तर उत्तमच.

७५० मिलीच्या बाटलीत असे बारा ग्लास होतात. उघडलेली व्हिंटेज दोन-तीन दिवसांत फिकी पडते, टॉनी फ्रिजमध्ये महिनाभर टिकते. कॉलवर एकट्याने बसणार असाल तर टॉनीच घ्या. व्हिंटेज टेबलाशी पाच-सहा जण जमतील तेव्हा.

– एक वाचक, पुणे