अण्णांचा हात हातात घेणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

माझ्या वडिलांना आपल्या दवाखान्यात आणले त्याला आता बरेच दिवस झाले, तरी आपले आभार मानायला बसले की आजही गळा दाटून येतो.

अण्णांना मधुमेह आहे आणि ते यंत्रमागावर काम करतात. दुपारी त्यांचे डोळे जड व्हायचे, तुटलेला धागा ध्यानात यायचा नाही आणि कोणी हटकले की एरवी शांत असलेला हा माणूस एकदम चिडायचा. याआधी ज्यांना ज्यांना दाखवले त्यांनी उपाशीपोटीचा रिपोर्ट पाहून, साखर उत्तम आहे, वय झाले, ऊनही फार आहे, असे सांगून टॉनिकवर बोळवण केली. दुपारी नेमके काय होते, हे विचारण्याची सवड त्यांच्यापैकी एकालाही झाली नाही, याचा राग अजून जात नाही.

आपण मात्र बाकावर पेंगणाऱ्या अण्णांचा हात हातात घेतलात. एप्रिलमधल्या सोलापुरात घाम कोणाला येत नाही? पण त्यांचा तळवा ओला असून गार आहे, हे आपल्याला जाणवले. नंबराची वाट न पाहता आपण तिथेच बोट टोचलेत आणि ग्लुकोमीटरवर ५८ आकडा आला. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजलीत आणि १५ मिनिटांनी पुन्हा रक्त तपासेपर्यंत, रांग वाढत असतानाही, त्यांच्या शेजारून उठला नाहीत. त्यांच्या नजरेत हळूहळू परतलेली तरतरी मी समोर बसून पाहिली.

मेंदूचे काम प्रामुख्याने ग्लुकोजवर चालते, त्यामुळे साखर ७० च्या खाली उतरली की घाम, चिडचिड आणि गुंगी येते. सकाळी ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेऊन जेवण लांबवले तर असे होऊ शकते, आणि गोळीपूर्वीच्या रिपोर्टात ते दिसणारच नाही, हे आपण किती सोपे करून सांगितलेत! दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीएवनसी या रक्तचाचणीतही असे चढउतार झाकले जातात. उलट साखर १८० च्या वर राहिली की ती लघवीवाटे पाणी घेऊन जाते, रात्री उठावे लागते, झोप मोडते; शिवाय इन्सुलिन कमी पडल्यामुळे रक्तात साखर असून पेशी उपाशी राहतात, जणू दारात धान्याची पोती आणि कोठाराला कुलूप. दोन्ही थकवे वरून सारखेच दिसतात, म्हणून थकवा येईल त्याच वेळी मोजा, हे आपले वाक्य अण्णांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

डॉक्टरांनी गोळी बदलली, अण्णा जेवणाची वेळ पाळू लागले आणि खिशात साखरेची पुडी असते. थकलेल्या माणसाला आळशी किंवा म्हातारा ठरवण्याआधी त्याच्याजवळ घटकाभर बसणारी माणसे आपल्या गावात आहेत, याचा मला फार आधार वाटतो. आईने आपल्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून ठेवली आहे. येत्या सोमवारी ती घेऊन मी येते आहे, कृपया नाही म्हणू नये.

आपली कृतज्ञ,
अण्णांची मुलगी, सोलापूर