सशाच्या पायाला पीठ लागलं त्या दिवसापासून

मावशी, सप्रेम नमस्कार.

ज्येष्ठात अंगणवाडीच्या मदतनीस म्हणून तुमचा निरोप समारंभ झाला, तेव्हा माईक माझ्या हातात दिला होता. मी 'दोन शब्द' म्हणून उभा राहिलो, खरोखरच दोन शब्द बोललो आणि खाली बसलो. साडी, नारळ, फोटो. उरलेलं आज लिहितो. सूनबाई वाचून दाखवतील. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण यातलं निम्मं गावाला ठाऊकच नाही.

आमची बदली बोरीकाठच्या या गावात झाली तेव्हा पोर साडेतीन वर्षांची होती. तिची आई नोकरीला धुळ्याला, घरी यायची ती फक्त रविवारी. रात्री पोर विचारायची, "अंधारात आई काय करते?" आणि सकाळी अंगणवाडीच्या फाटकाला धरून रडायची. दोन दिवस मी तिला गोळीचं आमिष दाखवलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही बाहेर आलात. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. मलाच म्हणालात, "गुरुजी, जरा ह्या सशाकडे बघा. काल मी त्याला पेटीत तळाला ठेवला होता. आज खिडकीत बसलाय, अन् पायाला दादर ज्वारीचं पीठ!"

पोरीने माझं बोट सोडलं ते सशाचा पाय बघायला. तुम्ही तिला हळूच विचारलंत, "रातले ह्या जपतस असं वाटस का तुले?" घरी आम्ही अहिराणी बोलत नव्हतो, पण तिला ते कळलं. तिने मान हलवली. नाही, झोपत नाहीत.

खेळणी तरी काय होती! सरकी काढलेला कापूस भरून शिवलेला ससा, म्हणून त्याचं नाव कापश्या. एका कानाचा हत्ती. चिंध्यांची ठकी. तीन पायांचा लाकडी घोडा, चौथ्या पायाच्या जागी तुम्ही बांधलेली तुरीची काडी. आणि दर पोळ्याला कुंभाराकडून येणारा कच्च्या मातीचा बैल, सर्जा. रात्री पेटीत जायची आणि सकाळी भलतीकडेच सापडायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खिडकीच्या गजाला लाल दोऱ्याचा झोका बांधलेला, त्यावर ठकी बसलेली आणि झोका द्यायला हत्ती मागे उभा. श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी घोड्याच्या तोंडाशी रोटाचा तुकडा. तुम्ही कधी "बघा बघा" केलं नाहीत. खोली झाडत राहायचात. पोरंच हुडकायची, पोरंच सांगायची.

एक सकाळ मात्र मी विसरणार नाही. पोळा होऊन चार दिवस झाले होते आणि रात्रभर झड लागली होती. तुमच्या पत्र्याच्या छताला नेहमीच्याच जागी गळती. सकाळी मी पोरीला सोडायला आलो तर सर्जा कपाटावर, वरून स्टीलची वाटी पालथी घातलेली. कापश्या मात्र खाली, गळतीच्या नेमका खाली, ओलाचिंब. पोरं गोल करून उभी. ससा भिजला म्हणून एकीने भोकाड पसरलं. तेव्हा कापूस पिकवणाऱ्या घरातला एक चार वर्षांचा पोरगा म्हणाला, "कापूस वाळतो. माती वाळत नाही, ती विरघळते. म्हणून त्याने सर्जाला वर बसवलं." सगळे गप्प. मग त्यांनीच कापश्याला उन्हात नेला. ऊन नव्हतंच, तर चुलीजवळ नेला. तुम्ही पातेल्यातली खिचडी ढवळत होतात. पाठमोऱ्या.

आता कबुली. डी.एड.ला मी मानसशास्त्रज्ञ पियाजे वाचला होता. लहान मूल निर्जीव वस्तूंनाही जीव आहे असं मानतं, यावर पाच मार्कांचं उत्तर लिहून आलो होतो. तरी गावातल्या कुणी "ही बाई पोरांना खोटं शिकवते" म्हटलं तेव्हा मी मान डोलावली. माफ करा. तुमच्या मागे उभं राहायला हवं होतं. नंतर लक्षात आलं ते वेगळंच. इतक्या वर्षांत "जेवली नाहीस तर हत्ती रागावेल", "रडलास तर घोडा चावेल" असं तुमच्या तोंडून एकदाही निघालं नाही. त्या खेळण्यांना तुम्ही पोलीस होऊ दिलं नाहीत. आम्ही शिकलेले लोक तर देवालासुद्धा त्या कामाला लावतो.

अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली. तिच्यात मदतनिसाचं काम म्हणजे झाडलोट, पाणी, स्वयंपाक आणि पोरांना घरून आणणं. खेळणी रात्री जागवण्याचा त्यात उल्लेख नाही, मानधन तर सोडाच.

मग तुमच्या बहिणीचं झालं आणि तुम्ही चोपड्याला गेलात. पहिल्या सकाळी पेटी उघडली तर सगळी जशीच्या तशी, ठेवली तशी. पोरं पेटीभोवती उभी राहिली आणि आपापल्या जागी जाऊन बसली. संध्याकाळी तुमचा फोन आला. घरात सुतक, मागे बायकांचा आवाज, आणि तुम्ही म्हणता, "गुरुजी, चावी शेजारी ठेवलीय. पहाटे एक चक्कर मारा. कापश्याला एवढा वेळ झोपायची सवय नाही."

साडेपाचला बॅटरी घेऊन गेलो. वीस मिनिटं नुसता उभा. बारा वर्षांची नोकरी, पण सशाने रात्री काय केलं असेल ते सुचेना. शेवटी सगळ्यांना उंचीप्रमाणे भिंतीला लावून ओळीत उभं केलं आणि निघून आलो. नऊ वाजता पोरं खिदळत होती, "काल रात्री यांची शाळा भरली होती! हत्तीला शेवटी उभं केलंय!" दुसऱ्या पहाटे जरा बरं जमलं. तुम्ही परत आलात तेव्हा एवढंच म्हणालात, "घोड्याला पाणी पाजलं का?" नव्हतं पाजलं.

पोरगी आता तिसरीत आहे. पहिलीत असताना एकदा लवकर निघाली होती, तेव्हा खिडकीतून तिने तुम्हाला पाहिलं. हातात पिठाची चिमूट, मांडीवर ससा. घरी येऊन माझ्या कानात म्हणाली, "पप्पा, मला कळलं. पण छोट्यांना सांगायचं नाही हं." रात्री आईबद्दल विचारणं त्याआधीच कधीतरी थांबलं होतं. कधी, ते माझ्या ध्यानात नाही.

तुमच्या जागी नवीन ताई आल्या आहेत. चांगल्या आहेत, पण त्यांना हे कुणी सांगितलेलं नाही. यंदाचा पोळा होऊन आठ दिवस झाले. परवा पाऊस पडला. काल सकाळी त्या ताई मला विचारत होत्या, "गुरुजी, कपाटावर वाटी कुणी पालथी घातली? खाली तो मातीचा बैल आहे."

मी घातलेली नाही. तुम्ही तर लेकाकडे शिरपूरला. मी घरी आलो. पोरीच्या शाळेच्या फ्रॉकला बाहीजवळ पीठ लागलं होतं. मी विचारलं नाही, फ्रॉक भिजत घातला.

दिवाळीला याल तेव्हा अंगणवाडीत चक्कर मारा. घोड्याची काडी मोडली आहे. ती तशीच ठेवली आहे.

तुमचा,
गुरुजी