गोधडी अंगावर घ्यायची असते

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत गोधडीवर पानभर लेख आला होता, फोटो एकदम भारी, रंग काय, बारीक बारीक टाके काय, आणि शेवटी लिहिलं होतं की पुण्याच्या प्रदर्शनात त्यातली एक गोधडी काही हजारांना गेली आणि घेणाऱ्यानं ती हॉलच्या भिंतीवर लावली. आमच्या गल्लीत पेपर फिरला, सगळ्यांना आधी आनंद झाला, मग शेजारच्या काकू म्हणल्या "भिंतीला कुठं थंडी वाजायली?" त्यावरूनच हे पत्र लिहायला घेतलं, मोबाईलवर टाइप करायलेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

कौतुकाला नको कोण म्हणतंय. पण असे लेख वाचून नव्या पोरींना वाटायलंय की गोधडी म्हणजे लई अवघड, त्याला डिझाईन पाहिजे, क्लास पाहिजे, मॅचिंग कापड पाहिजे. माझ्या भाचीनं ऑनलाइन किट बघून ठेवलंय, त्यात कापडाचे चौकोन कापून येतात म्हणे, तेही नव्या कोऱ्या कापडाचे! घरात जुन्या कपड्यांची बोचकी पडलेली आणि चौकोन विकत घ्यायचे. आपल्याकडं बायांनी एवढ्या वाकळा (गोधड्याच त्या) शिवल्या त्यांनी कुठं डिझाईन काढलं होतं, जे फाटकं ते आत, जे धड ते वर, झालं.

कुणाला करावी वाटली तर सांगते. जुनं सुती नऊवारी लुगडं असलं तर हिशोब एकदम सोपा, ९ वार म्हणजे २७ फूट, त्याचे सारखे ४ तुकडे केले की एकेक पावणेसात फुटाचा येतो, पन्हा साधारण पावणेचार फूट, चारी एकावर एक घातले की एका माणसाची चार पदरी गोधडी तयार, कापड वाया गेलं असं काहीच नाही. सहावारी साडी असली तर ६ वार म्हणजे १८ फूट, तिचे ३ तुकडे सहा सहा फुटाचे होतात, ते लेकरांना पुरतात. अंगाला लागणारं कापड जरा बरं ठेवायचं, मधल्या पदरात काहीही चालतं, धोतर, विरलेली बेडशीट, मालकाचे शर्ट (कॉलर, बटणं, जाड शिवणी काढून, नाहीतर सुई अडते). कापूस भरायची गरज नाही, कापूस भरला की ती रजई झाली, मग पिंजाऱ्याला शोधत फिरा आणि धुवायचं तर नावच नको.

सगळे पदर फरशीवर ताणून अंथरायचे, सुरकुत्या हातानं काढायच्या, चारी कोपऱ्यांवर काहीतरी जड ठेवायचं, आमच्याकडं वरवंटा आणि तेलाचे डबे असतात, आणि मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळं टाचून घ्यायचं. या टाचण्याचा जिनं कंटाळा केला तिची गोधडी पहिल्या धुण्यातच एकीकडं गोळा होते आणि दुसरीकडं नुसती पिशवी. पुढं काय, साधा धावदोरा, कडेनं सुरू करून फेऱ्या मारत मध्यापर्यंत या नाहीतर सरळ उभ्या ओळी घाला, दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. मोठ्या नेढ्याची सुई घ्या, म्हणजे चष्म्याशिवाय पण ओवता येते. टाका वाकडा गेला तर जाऊ द्या, अंधारात पांघरायची आहे.

खरी अडचण टाक्याची नाहीच, कापडाची आहे. सासूबाईंच्या वेळी घरात रोज सुती लुगडं, धोतर, त्यामुळं कापड आपोआप साठायचं. आता रोजच्या साड्या सगळ्या सिंथेटिक, त्या घाम टिपत नाहीत, सुईखाली सरकतात आणि थंडीत अंगावर ओढली की चटचट आवाज करतात. वरून दिसायला एक पदर तसला असला तर चालवून घ्या पण खालचा सुतीच पाहिजे, आणि बाळाच्या दुपट्याला तर सिंथेटिक अजिबात लावू नका. बाळंतिणीकडं जुन्या मऊ कापडाचं दुपटं नेतात ते काय कंजूषपणा म्हणून नाही, नव्या कापडाला खळ असते ती लेकराला टोचते, धुवून धुवून ती गेलेली असते म्हणून. आणि घरात जे थोडंफार सुती निघतं ते आपण भांडेवालीच्या टोपल्यात घालतो, स्टीलच्या एका वाटीसाठी चांगली चार धोतरं देणाऱ्या बाया मी बघितल्यात, तिथं उभं राहून भांडणच करावं वाटतं.

आता पाण्याचं सांगते, हे तुमच्या लेखात कुठंच नव्हतं. भिंतीवरची गोधडी धुवायची नसते, आमची असते. नवरात्राच्या आधी दसरा काढायचा, म्हणजे घरातलं सगळं धुवून काढायचं म्हणलं की बायांच्या कमरेचं काय होतं ते विचारा. सात-आठ पदरी वाकळ एकदा भिजली की दोघींना उचलत नाही, पिळायचं तर सोडाच, आणि आतून ओली राहिली की कुबट वास वर्षभर जात नाही. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, माझी बहीण तिथंच राहते, प्यायला पाणी मोजून तिथं वाकळा कोण धुणार, उन्हात टाकायच्या, काठीनं झोडायच्या आणि परत घडी. तेव्हापासून आम्ही दोघी चार पदरांच्या वर जातच नाही. पातळ गोधडी थोड्या पाण्यात निघते, एका दिवसात वाळते, वॉशिंग मशीनमध्ये पण बसते. परभणीत कृषी विद्यापीठात पारा पाच-सहावर उतरला की तुमच्याच पेपरात बातमी असते, पण असे दिवस वर्षात किती? त्या दिवशी दोन गोधड्या एकावर एक घ्यायच्या.

आणि रोजचा वापर कशाला म्हणतात ते बघायचं असेल तर तुमच्या फोटोग्राफरला एकदा दिवाळीच्या सुमाराला इकडं पाठवा. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, ट्रॉलीत भांडी, पिठाचा डबा, कोंबड्या आणि वाकळांचा गठ्ठा. पुढं उसाच्या फडावर असेपर्यंत तीच वाकळ कोपीत (तिथल्या झोपडीत) अंथरायला, तीच पांघरायला, पहाटे लेकराला गुंडाळून नेतात तीच. टाके उसवले की त्यावरच ठिगळ आणि परत टाके. तिचा फोटो चांगला येणार नाही कदाचित.

मी ओळखीच्यांना गोधड्या देते तेव्हा आधीच सांगून ठेवते की कपाटात ठेवली तर परत घेईन. एकीनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून "पाहुण्यांसाठी" म्हणून वर ठेवली होती, तिच्याकडून खरंच परत आणली, चार दिवस बोलत नव्हती. मैत्रिणीची नात लातूरला होस्टेलवर राहून नीटची तयारी करायली, तिला एक दिली तर म्हणे रूममेट हसतील, आता म्हणते रूममेटच पांघरून अभ्यासाला बसते, हिला मिळतच नाही. म्हणजे मला आणखी एक शिवायचं काम लागलं, आणि सुती कापड संपत आलंय. तुमच्या वाचकांनी आपापल्या माळ्यावरची ट्रंक एकदा उघडून बघावी, एवढं तरी छापा.

अजून एक राहिलं. प्रदर्शनातली गोधडी केवढ्याला गेली ते तुम्ही लिहिलं, शिवणाऱ्या बाईच्या हातात त्यातले किती पडले ते लिहिलं नाही. पुढच्या वेळी तेवढं विचारून छापा.

आपली,
एक नियमित वाचक, अंबाजोगाई