समोरचा कंटेनर बाजूला झाला तेव्हा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नव्या गाड्यांची माहिती येते, ती मी न चुकता वाचते. कोणत्या मॉडेलमध्ये 'अडास' (चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणांचा संच) आहे, कोणत्यात त्यातलं 'अडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल' आहे, हे त्यात ठळकपणे असतं. ही सोय कुठे उपयोगी पडते तेही असतं. ती कुठे उपयोगी पडत नाही, हे मात्र मला आजवर त्या पानावर वाचायला मिळालेलं नाही. माझ्यावर जो प्रसंग आला तो सांगितला तर निदान चार जण सावध होतील, म्हणून हे पत्र.

मी कराडला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. माझे वडील, अण्णा, एसटीत तीस वर्षं चालक होते. त्यांच्या तपासणीसाठी आम्हाला महिन्यातून एकदा पुण्याला जावं लागतं. दोन वर्षांपूर्वी मी गाडी बदलली, ती या अडासवाली. त्यातल्या अडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोलची माहिती नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. आपण एक वेग ठरवून द्यायचा, उदाहरणार्थ ९०, आणि पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं तेही ठरवून द्यायचं. पुढे कोणी नसेल तर गाडी ९० ने धावते. पुढे हळू चालणारं वाहन आलं की आपोआप वेग कमी करून त्याच्या मागे राहते, आणि ते वाहन बाजूला झालं की पुन्हा ९० गाठते. या शेवटच्या वाक्याकडे मी सुरुवातीला लक्षच दिलं नव्हतं.

जानेवारीचे दिवस, संध्याकाळचे सात वाजून गेलेले. पुण्याहून परत येताना आम्ही सातारा ओलांडून नागठाण्याच्या पुढे आलो होतो. सहापदरीकरणाच्या कामामुळे तिथे रस्ता कुठे मोकळा, कुठे वळवलेला. पुढे एक कंटेनर साठच्या वेगाने चालला होता आणि आमची गाडी त्याच्या मागे, अंतर राखून, अगदी शहाण्यासारखी चालली होती. ठरवलेला वेग होता ९०. माझा उजवा पाय पेडलवर नव्हता. तो मी आखडून सीटजवळ घेतला होता, कारण तासाभरात त्याला काही काम पडलं नव्हतं. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली होती, तिच्याबद्दल मी अण्णांना काहीतरी समजावत होते आणि अर्धी त्यांच्याकडे वळले होते.

अण्णा एकदम ओरडले, "आगं, ब्रेक मार!"

कंटेनर उजवीकडे सरकला होता. त्याच्या जागी डाव्या लेनमध्ये उसाने भरलेली डबल ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर लोंबणाऱ्या वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पानांनी, झाकलेला. आणि त्याच क्षणी मला पाठीला सीटचा दाब जाणवला. आमची गाडी वेग घेत होती. तिच्या हिशेबाने पुढचा रस्ता मोकळा झाला होता, आणि मी तिला ९० सांगून ठेवलं होतं. पाय शोधून ब्रेकवर नेईपर्यंत जो काही वेळ गेला असेल तो गेला. धोक्याची घंटी वाजली ती माझा पाय ब्रेकवर पडल्यानंतर. आम्ही थांबलो तेव्हा ट्रॉली आणि आमच्यात जेमतेम एका गाडीची जागा उरली होती.

ट्रॉलीचं चाक पंक्चर होतं, खाली जॅक लावलेला. चाकापाशी वाकून दोघे जण काम करत होते. रस्त्याच्या कडेला वाढ्यांच्या पेंढीवर एक बाई बसली होती, तिच्या मांडीवर मूल झोपलेलं. ट्रॉलीच्या मागे, रीतीप्रमाणे, तीन-चार दगड मांडले होते आणि बाभळीची एक फांदी टाकली होती. त्यांच्याही मागे, कडेला, एक पोरगा मोबाईलचा टॉर्च हलवत उभा होता. अण्णांनी तोच टॉर्च पाहिला होता. कंटेनरवाल्यानेही बहुधा तोच पाहून गाडी काढली. माझ्या गाडीतल्या रडारला त्या टॉर्चचा, त्या दगडांचा, त्या फांदीचा अर्थ कळण्याची काही सोय नाही. आपल्या रस्त्यांवर धोक्याची सूचना अशीच मिळते. कोणीतरी हात करतो, समोरून येणारा ट्रक दिवे मारतो, खड्ड्यात कोणीतरी फांदी रोवून ठेवतो. ही सगळी माणसाने माणसासाठी ठेवलेली खूण असते आणि ती वाचायचं काम चालकाचंच.

अण्णा मला रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "पाय कुठं हुता तुझा?" मग ते खाली उतरले, आमच्या डिकीतला लाल त्रिकोण काढला आणि पन्नास पावलं मागे जाऊन ठेवून आले. तो आम्ही परत आणला नाही.

घरी आल्यावर गाडीसोबतची जाडजूड पुस्तिका मी पहिल्यांदा नीट वाचली. सगळं इंग्रजीत, बारीक टायपात, पण लिहिलेलं आहे. उभी असलेली वाहनं ओळखली जातीलच असं नाही. दुचाकी, पादचारी, जनावरं यांच्या बाबतीत भरवसा धरू नका. पुढची गाडी अचानक लेन सोडून गेली आणि तिच्या पुढे थांबलेलं वाहन असलं, तर यंत्रणा ब्रेक लावेलच असं नाही. तीव्र उतारावर, तीव्र वळणावर, मुसळधार पावसात वापरू नका. माझ्यावर आलेला प्रसंग तिथे जवळपास शब्दशः छापलेला होता. गाडी ताब्यात देताना शोरूममधल्या मुलाने मात्र मला सांगितलं होतं, "मॅडम, हायवेला लागलात की बटण दाबा आणि निवांत बसा." त्या मुलाला दोष देऊन मी सुटत नाही. पुस्तिका माझ्याकडे होती आणि स्टिअरिंगही माझ्याच हातात होतं.

हे असं का होतं, याचं उत्तर मी दरवर्षी वर्गात शिकवते, म्हणून मला त्याचं जास्त वाईट वाटलं. अकरावीला ध्वनीच्या धड्यात डॉप्लर परिणाम आहे. जवळ येणाऱ्या गाडीचा हॉर्न चढ्या स्वरात ऐकू येतो, दूर जाणारीचा उतरत्या. गाडीच्या पुढच्या भागात बसवलेलं रडार रेडिओ लहरींवर हेच करतं. लहर जाऊन परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर, आणि तिची वारंवारता किती बदलली त्यावरून आपल्या तुलनेत समोरच्याचा वेग. चालत्या गाडीच्या मागे राहण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे, आणि रात्रीही चालते. अडचण थांबलेल्या वस्तूंची. आपण ९० ने जात असलो की रस्त्याकडेचे फलक, दुभाजकाचा लोखंडी कठडा, पुलाचा खांब, वरची कमान, सगळंच आपल्याकडे ९० ने येतं. प्रत्येकाला घाबरून गाडीने ब्रेक लावला तर मागचा येऊन धडकेल. म्हणून अनेक यंत्रणांमध्ये, आधी हलताना न दिसलेल्या स्थिर वस्तूला कमी महत्त्व दिलेलं असतं. काचेमागचा कॅमेरा इथे मदतीला येतो, नव्या गाड्यांमध्ये तो पुष्कळ सुधारलाही आहे. पण कॅमेऱ्याला गाडीचा आकार ओळखीचा लागतो. अंधारात, दोन्ही अंगांनी ऊस बाहेर आलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीला नीट आकार कुठून असणार?

दुसरी गोष्ट वेळेची. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. कंटेनर हटला तेव्हा ट्रॉली फार तर ५० मीटरवर असेल, म्हणजे तीन सेकंद. त्यातला दीड सेकंद माणसाला समजायला आणि पाय ब्रेकवर जायला लागतो, तोही पाय जागेवर असेल तर. शिवाय क्रूझ कंट्रोल लावतो तो ब्रेक मुद्दाम सौम्य ठेवलेला असतो, आपण जीव खाऊन दाबतो त्याच्या निम्म्याच्या आसपास. तेवढ्या ब्रेकने ताशी १०० वरून थांबायला शंभर मीटरहून जास्त अंतर लागतं. अचानकचा जोरदार ब्रेक लावणारी यंत्रणा वेगळी असते. ती अपघात टाळू शकते किंवा धडक सौम्य करू शकते, पण प्रत्येक वेळी टाळेलच असं कोणताही उत्पादक लिहून देत नाही.

हा केवळ आपल्याकडच्या रस्त्यांचा दोष आहे, असं कोणी म्हणू नये. २२ जानेवारी २०१८ ला अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीजवळ, रुंद आणि आखीव फ्रीवेवर, नेमकं हेच घडलं. टेस्लाची गाडी ऑटोपायलटवर, म्हणजे तिच्या अशाच मदतनीस यंत्रणेवर, पुढच्या गाडीच्या मागे चालली होती. पुढची गाडी लेन बदलून गेली. समोर एका अपघाताच्या मदतीला आलेला अग्निशमन दलाचा ट्रक उभा होता. टेस्लाने वेग वाढवला, ताशी साधारण ३४ किलोमीटरवरून ५० पर्यंत, आणि ती ट्रकवर आदळली. ट्रकमध्ये त्या वेळी कोणी नव्हतं, सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी करून चालकाचं दुर्लक्ष आणि यंत्रणेवरचा त्याचा वाजवीपेक्षा जास्त विश्वास यांना कारण ठरवलं. चालकाला इतकं दुर्लक्ष करू देणाऱ्या रचनेवरही त्यांनी बोट ठेवलं. मला हा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे मोबाईलवर व्हिडिओ फिरतात. चालत्या गाडीत चालक मांडी घालून बसलाय, कोणी मागच्या सीटवर गेलाय, खाली हसण्याच्या खुणा. आज आपल्या बाजारात सर्वसामान्यांना मिळणाऱ्या गाड्या 'लेव्हल २' च्या पुढच्या नाहीत. लेव्हल २ चा अर्थ, गाडी मदत करते आणि चालक सतत लक्ष ठेवतो. कायदाही तेच धरून चालतो. त्या संध्याकाळी चाकापाशी वाकलेल्या त्या दोघांपैकी कोणी माझ्या गाडीखाली गेलं असतं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा माझ्यावर लागला असता. धोकादायक पद्धतीने गाडी चालवण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ वेगळंच. गाडी क्रूझवर होती, हे तिथे उत्तर होऊ शकत नाही, आणि होऊही नये. त्या बाईच्या मांडीवर मूल होतं. तिने माझ्या गाडीची पुस्तिका वाचलेली नव्हती, वाचायचं तिला कारणही नव्हतं.

ही सोय वाईट आहे असं मी म्हणत नाही. वाशीहून पनवेलपर्यंतच्या सरकत्या गर्दीत तिने मला किती तरी वेळा थकव्यापासून वाचवलं आहे. पण कामाची विभागणी बदलते. पूर्वी मी पायाने काम करत होते, त्यामुळे डोळे आपोआप जागे राहायचे. आता पायाला काम नाही, म्हणून डोळ्यांना मुद्दाम जागं ठेवावं लागतं, आणि ते जास्त अवघड आहे. अण्णा नव्या चालकांना शिकवायचे ते असं, की पुढच्या गाडीकडे बघू नका, तिच्या पुढच्या गाडीकडे बघा. ती दिसत नसेल तर मागे सरा. कंटेनरच्या मागे मला पुढचं काहीच दिसत नव्हतं, आणि तरी मी मागे सरले नाही, कारण अंतर गाडीने ठरवलं होतं.

आता मी पाय ब्रेकच्या शेजारीच ठेवते. गळीत हंगामात सातारा ते कोल्हापूर रात्री ही सोय बंदच असते. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावरच्या उताराला आणि वळणाला तर कायमची बंद. वळणावर रडारच्या टप्प्यातून पुढची गाडी निसटते आणि आपली गाडी भलत्याच वेळी वेग घेते, हे मी तिथे एकदा अनुभवलं आहे.

माझ्या विनंत्या साध्या आहेत. विक्रेत्याने गाडी देताना या यंत्रणेच्या मर्यादा मराठीत, एका पानावर लिहून द्याव्यात आणि ग्राहकाची सही घ्यावी. मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये हा विषय शिकवला जावा, शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत त्यावर एक तरी प्रश्न असावा. ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम हंगामाच्या सुरुवातीला होते, ती मार्चपर्यंत चालू राहावी आणि मागचा पत्रा वाढ्यांनी झाकला जात नाही ना, हेही तपासलं जावं. आणि आपण आपल्या पुरवणीत गाडीची ओळख करून देताना, तिच्या पुस्तिकेतल्या सूचनांमधल्या दोन ओळी सोबत छापाव्यात. पान कोणतं, ते मी कळवू शकते.

आपली,
एक भौतिकशास्त्र शिक्षिका, कराड